खान्देशात आश्रयाला आलेल्या कुटुंबांसाठी अन्न, औषध आणि शाळा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत आश्रयाला आलेल्या कुटुंबांसोबत काम करताना जे प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. विचारणाऱ्यांत स्वतः आलेली माणसे असतात, त्यांना खोली भाड्याने देणारे घरमालक असतात, त्यांच्या मुलांना शाळेत घ्यावे की नाही या विचारात पडलेले मुख्याध्यापक असतात आणि शेजारच्या घरात चूल पेटली नाही हे पाहून अस्वस्थ झालेल्या आयाबायाही असतात. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच चुकीची समजूत आढळते: रेशन कार्ड मिळत नाही, म्हणजे या लोकांना काहीच मिळत नाही. रेशनचे दार बंद असते हे खरे आहे, पण अंगणवाडी, शाळा आणि सरकारी दवाखाना ही दारे वेगळी आहेत. ती ठोठावलीच जात नाहीत, म्हणून लहान मुले उपाशी राहतात.

निर्वासित कोणाला म्हणावे आणि आश्रयार्थी कोणाला?

छळाच्या भीतीने स्वतःचा देश सोडलेली आणि ज्या व्यक्तीची ती भीती खरी असल्याचे एखाद्या सरकारने किंवा संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणेने मान्य केले आहे, ती निर्वासित होय. जिने आश्रय मागितला आहे, पण जिच्या मागणीवर अजून निर्णय झालेला नाही, ती आश्रयार्थी होय. आज निर्वासित म्हणून मान्य झालेला जवळपास प्रत्येक माणूस काल आश्रयार्थी होता, म्हणून निर्णयाची वाट पाहणाऱ्याला कमी भूक लागते असे समजून वागता येत नाही.

सरदार सरोवराच्या पाण्याखाली गावे गेल्यामुळे अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतून उठवली गेलेली कुटुंबे, तसेच दरवर्षी ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जाणारी भिल्ल आणि पावरा कुटुंबे यांना बोलीभाषेत कधी कधी निर्वासित म्हटले जाते. ती माणसे विस्थापित किंवा स्थलांतरित आहेत, पण भारतीय नागरिक आहेत. त्यांचा रेशनवरचा हक्क पूर्ण आहे आणि एक देश एक शिधापत्रिका या व्यवस्थेमुळे तो हक्क त्यांना सुरत किंवा नवसारीतही बजावता येतो.

भारतात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा आहे का?

नाही. भारताने १९५१च्या निर्वासितविषयक करारावर किंवा १९६७च्या पूरक करारावर सही केलेली नाही आणि संसदेने असा कायदाही केलेला नाही. परदेशातून आलेल्या प्रत्येक व्यक्तीला एकच कायदा लागू होतो. १ सप्टेंबर २०२५ पासून तो म्हणजे इमिग्रेशन अँड फॉरिनर्स अॅक्ट, २०२५. त्याने १९४६चा परदेशी नागरिकांविषयीचा जुना कायदा आणि त्याच्यासोबतचे इतर जुने कायदे रद्द केले.

परंतु राज्यघटना येथेही लागू आहे. अनुच्छेद १४ आणि २१ यांत ‘नागरिक’ नव्हे, तर ‘व्यक्ती’ असा शब्द आहे. अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे. देशात कोठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा अनुच्छेद १९ मधील हक्क मात्र फक्त नागरिकांचा आहे. म्हणून येथे जिवंत राहण्याचा हक्क आहे, पण येथेच कायम राहण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. हा फरक आलेल्या कुटुंबाला पहिल्याच भेटीत प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे, कारण खोट्या आशेवर वर्षे निघून जातात.

खान्देशात अशी कुटुंबे कोणती आहेत?

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या हजारो कुटुंबांना कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तेथेच उल्हासनगरची पायाभरणी झाली. सिंधी कुटुंबे खान्देशातही स्थायिक झाली आणि जळगावची सिंधी कॉलनी किंवा धुळ्याचे कुमारनगर ही नावे आज आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. त्या पिढीचा नागरिकत्वाचा प्रश्न केव्हाच मिटला. मात्र पाकिस्तानातील सिंध प्रांतातून नात्यागोत्याच्या आधाराने हिंदू कुटुंबे पुढेही येत राहिली. आमच्याकडे येणाऱ्यांत ही कुटुंबे सर्वाधिक असतात.

हिवाळ्यात आपल्या शहरांत स्वेटर विकायला येणारी तिबेटी कुटुंबे हीसुद्धा निर्वासितच आहेत. त्यांच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असते, महाराष्ट्रात त्यांची वसाहत गोंदिया जिल्ह्यातील गोठणगाव येथे आहे, आणि केंद्र सरकारच्या २०१४च्या तिबेटी पुनर्वसन धोरणाने राज्यांना त्यांच्यापर्यंत कल्याणकारी योजना नेण्यास सांगितले आहे. त्यांचा हंगाम थोडक्या महिन्यांचा असतो आणि अन्नाची मदत मागण्याची वेळ त्यांच्यावर क्वचितच येते.

घरात आज धान्य नाही. सर्वांत आधी कुठे जावे?

कागदपत्रांची वाट पाहू नका. पहिल्या आठवड्याची व्यवस्था समाजाकडूनच होते, आणि खान्देशात ती होते हे आम्ही वारंवार पाहिले आहे. गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जात, धर्म किंवा पासपोर्ट कोणी विचारत नाही. सिंधी पंचायतींमध्ये आणि झुलेलाल मंदिरांमध्ये ओळखीपाळखीने शिधा मिळतो. जिथे शिवभोजन केंद्र चालू आहे, तिथे दहा रुपयांत दुपारचे जेवण मिळते. राज्य सरकारने २६ जानेवारी २०२० पासून सुरू केलेल्या या थाळीत दोन चपात्या, भाजी, भात आणि वरण असते आणि ती घेण्यासाठी शिधापत्रिका दाखवावी लागत नाही. आपल्या गावचे केंद्र सध्या चालू आहे का, हे मात्र निघण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण लहान मुलांना उन्हातून चालवत नेऊन बंद दारापाशी उभे करणे फार वाईट असते.

भुसावळ किंवा जळगाव स्थानकावर एखादे मूल एकटे आढळले, तर १०९८ या क्रमांकावर चाइल्डलाइनला कळवावे. ते मूल कोणत्या देशाचे आहे, हा प्रश्न नंतरचा आहे.

कुटुंबातील सर्वांत अशक्त व्यक्ती कोण, हे पहिल्याच दिवशी विचारा. आम्ही एका घरी पिठाची गोणी आणि तेलाचा डबा पोचवून समाधानाने परतलो होतो. चार दिवसांनी कळले की त्या घरी आठ महिन्यांचे बाळ होते, आईचे दूध आटले होते आणि बाळाला पिठाचे पाणी पाजले जात होते. ती चूक आमची होती. आम्ही फक्त घरधन्याशी बोललो होतो. तेव्हापासून आम्ही घरातल्या बाईशी स्वतंत्रपणे बोलल्याशिवाय शिध्याची यादी करत नाही.

परदेशी कुटुंबाला रेशन कार्ड मिळते का?

मिळत नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते. महाराष्ट्रात प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४,००० रुपये आणि शहरी भागात ५९,००० रुपये आहे. परंतु उत्पन्न कितीही कमी असले, तरी शिधापत्रिका ही भारतीय नागरिकांच्या कुटुंबालाच दिली जाते. तहसील कार्यालयातील पुरवठा शाखेत यासाठी खेटे घालण्यात दिवस घालवू नयेत.

ज्या घरांत काही माणसे नागरिक आहेत आणि काही नाहीत, त्या घरांबाबत फार गोंधळ असतो. सिंधमधून लग्न होऊन जळगावात आलेली सून अजून परदेशी नागरिक असेल, तर तिचे नाव कार्डावर चढणार नाही. पण पती आणि सासू-सासरे भारतीय नागरिक असतील, तर त्यांच्या वाट्याचे धान्य तिच्यामुळे थांबत नाही. तिच्या मुलांचे काय, हा पुढचा प्रश्न असतो. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील यांपैकी एक जण भारतीय नागरिक असेल आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल, तर ते मूल जन्मानेच भारतीय असते. म्हणजे मुलाच्या जन्मावेळी आईचा व्हिसा वैध असेल, तर तिच्या मुलांची नावे कार्डावर लावून घेण्याचा अर्ज अवश्य करावा. अनेक घरांत ही नावे वर्षानुवर्षे राहून गेलेली असतात आणि प्रत्येक नावामागे महिन्याला पाच किलो धान्य हातचे जाते.

लहान मुलांसाठी आणि गरोदर बाईसाठी अंगणवाडीत काही मिळते का?

हो, आणि आमच्या मते आश्रयाला आलेल्या कुटुंबासाठी अंगणवाडी हे सर्वांत महत्त्वाचे दार आहे. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांना घरी नेण्याचा आहार आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम ताजा आहार देण्याची तरतूद आहे. ठरवून दिलेल्या प्रमाणानुसार मुलाला रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, गरोदर आणि स्तनदा मातेला ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने, तर तीव्र कुपोषित बालकाला ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. ही योजना उत्पन्नाच्या दाखल्यावर चालत नाही. त्या वस्तीत राहणारी आणि तिथे येणारी माता व बालके हे तिचे लाभार्थी आहेत.

अडचण येते ती नोंदणीच्या वेळी. मोबाइलमधील पोषण ट्रॅकरवर आईचा आधार क्रमांक मागितला जातो, तो नसला की सेविका अडते, आणि तिचा त्यात दोष नसतो. अशा वेळी तिच्याशी वाद न घालता पर्यवेक्षिकेला किंवा बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा. त्यात मुलाचे नाव, वय, वजन आणि राहण्याचा पत्ता लिहावा व पोच घ्यावी. मुलाचे वजन मात्र त्याच दिवशी करून घ्यावे. दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर सहा महिने ते पाच वर्षे वयाचे ते मूल तीव्र कुपोषित समजले जाते. अशा मुलाला अर्जाच्या उत्तराची वाट न पाहता सरकारी रुग्णालयातील पोषण पुनर्वसन केंद्रात न्यावे लागते.

आधार कार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला नसेल, तर शाळा प्रवेश नाकारू शकते का?

नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाविषयी बोलतो. त्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, आधीच्या शाळेचा दाखला उशिरा येणे हेही कारण चालत नाही, आणि मुलाला त्याच्या वयाला साजेशा इयत्तेत बसवून मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यावे लागते. दिल्लीतील रोहिंग्या मुलांच्या प्रवेशाचा प्रश्न फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा मुलांनी आधी शाळेत प्रवेशासाठी जावे आणि नकार मिळाल्यास उच्च न्यायालयात दाद मागावी, असे न्यायालयाने सांगितले.

शाळेचा विचार येथे अन्नाच्या दृष्टीनेही करावा. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या मुलांना दुपारचे जेवण मिळते. त्यासाठी पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम धान्य आणि ४५० किलोकॅलरी, तर सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य आणि ७०० किलोकॅलरी असे प्रमाण ठरलेले आहे. ज्या घरात तीन मुले शाळेत जातात, त्या घरी एका वेळच्या स्वयंपाकाचा भार बराच हलका होतो. मात्र उन्हाळ्याची सुट्टी लागली की हे जेवण थांबते, आणि शेतात काम नसण्याचे दिवसही तेच असतात. एप्रिल संपण्यापूर्वीच अशा घरांसाठी शिध्याची वेगळी तजवीज करून ठेवावी.

सिंधमधून आलेल्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही, कारण तिथे सिंधी आणि उर्दू अरबी वळणाच्या लिपीत शिकवली जाते. गणितात हुशार असलेले मूल फळ्यासमोर गप्प बसले, तर ते मंद आहे असे समजू नये, ही आमची शिक्षकांना कळकळीची विनंती आहे.

सरकारी दवाखान्यात उपचार मिळतात का?

मिळतात. महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. अपघात किंवा जीवावर बेतलेला प्रसंग असेल, तर कोणत्याही डॉक्टरने आधी जीव वाचवण्याचे काम केले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक आहे. बाळांचे लसीकरण आणि गरोदरपणातील तपासण्या आशा ताईंमार्फत होतात. क्षयरोगाची औषधे मोफत मिळतात, आणि उपचार सुरू असेपर्यंत सकस आहारासाठी १ नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये देण्याची तरतूद आहे. ती रक्कम बँक खात्यात जमा होत असल्याने खाते उघडण्याकडे आधी लक्ष द्यावे.

रुग्णाला दाखल करून घेतल्यास तो परदेशी नागरिक असल्याची माहिती रुग्णालयाने परदेशी नागरिकांच्या नोंदणी अधिकाऱ्याला (जिल्ह्यात पोलीस अधीक्षक) कळवावी, असे २०२५चा कायदा सांगतो. ही माहिती देण्याची जबाबदारी आहे, उपचार नाकारण्याची सबब नाही. तरीही या भीतीने बाया बाळंतपणासाठी घरीच थांबतात, आणि त्यात माय-लेकरांचे जीव धोक्यात येतात. कागद अपुरे असतील, तर सातव्या महिन्यापूर्वीच वकिलाचा सल्ला घ्यावा, म्हणजे कळा सुरू झाल्यावर तो विचार करत बसावे लागत नाही.

दीर्घ मुदतीच्या व्हिसाने नेमके काय बदलते?

जवळपास सगळेच बदलते, म्हणून पात्र कुटुंबाने त्यात एक दिवसही चालढकल करू नये. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान येथील हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती समाजातील व्यक्तींना, तसेच भारतीय नागरिकाशी लग्न होऊन आलेल्या स्त्रियांना हा व्हिसा मिळू शकतो. अर्ज ऑनलाइन करावा लागतो. जिल्ह्यात पोलीस अधीक्षक हे परदेशी नागरिकांचे नोंदणी अधिकारी असल्याने पुढची चौकशी त्यांच्या कार्यालयामार्फत होते. पासपोर्ट, आलेल्या व्हिसाची प्रत, राहत्या जागेचा पुरावा आणि हमी देणारी स्थानिक व्यक्ती यांची जुळवाजुळव आधीच करावी.

वर सांगितलेल्या समाजांतील व्यक्तींना हा व्हिसा मिळाल्यावर खासगी नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय करता येतो, पॅन कार्ड, आधार आणि वाहन परवाना काढता येतो, एक एनआरओ (अनिवासींसाठीचे रुपयातील साधे) बँक खाते उघडता येते आणि राहण्यापुरते घरही घेता येते. अन्नाचा प्रश्न कायमचा सुटतो तो येथे. फुले मार्केटमध्ये दुकानावर काम मिळाले आणि पगार खात्यात येऊ लागला, की त्या घराला आमच्या शिध्याची गरज उरत नाही. आधारची मुदत मात्र व्हिसाच्या मुदतीबरोबर संपते, आणि आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही.

खान्देशच्या भूगोलामुळे येथे एक विशेष अडचण उभी राहते. या व्हिसावर ज्या राज्यात राहता, त्या राज्यात मोकळेपणाने फिरता येते, दुसऱ्या राज्यात जायचे तर परवानगी लागते. जळगावहून उल्हासनगर कितीतरी दूर असले तरी ते राज्यातच आहे. पण रावेरच्या पलीकडे अगदी जवळ असलेले बऱ्हाणपूर मध्य प्रदेशात आहे आणि नवापूरच्या पुढे लगेच गुजरात सुरू होतो. नात्यातल्या लग्नाला किंवा कापड आणायला सुरतेला सहज जाऊन येऊ, असे म्हणून निघालेली माणसे नकळत नियम मोडतात. आधी अर्ज करावा, मगच तिकीट काढावे.

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा अनेक घरांत रात्रभर कोणी झोपले नाही. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधी दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसा वैध राहतील, असे परराष्ट्र मंत्रालयाने त्याच वेळी स्पष्ट केले होते. अशा काळात भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या संदेशांवर न जाता पोलीस अधीक्षक कार्यालयात जाऊन विचारावे.

यूएनएचसीआरचे ओळखपत्र खान्देशात चालते का?

संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाला सगळे यूएनएचसीआर म्हणतात. त्याचे भारतातील मुख्य कार्यालय दिल्लीत आहे आणि ते प्रामुख्याने म्यानमार, अफगाणिस्तान व इतर काही देशांतून आलेल्यांची नोंदणी करते. तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ निर्वासितांचे काम भारत सरकार स्वतः पाहते. नोंदणी, मुलाखत आणि ओळखपत्र या सर्व सेवा मोफत आहेत. ते ओळखपत्र असल्याने ओळख पटवायला आणि आश्रयाची मागणी खरी आहे हे दाखवायला मदत होते, पण ते व्हिसाची जागा घेत नाही, त्यावर रेशन मिळत नाही आणि आधारही निघत नाही.

एका कुटुंबाला किती शिधा द्यावा?

देणाऱ्याच्या मनात भावना मोठी असते, पण हिशेब नसतो, म्हणून हा प्रश्न आम्ही सविस्तर घेतो. मदतकार्यात एका माणसाला दिवसाला सरासरी २,१०० किलोकॅलरी लागतात असे धरले जाते. रेशनचे महिन्याचे पाच किलो धान्य म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. त्यातून साधारण ५७५ किलोकॅलरी मिळतात, म्हणजे गरजेच्या एक चतुर्थांशाहून थोड्या अधिक. याचा अर्थ रेशन मिळणाऱ्या घरालाही बाकीचे विकत घ्यावे लागते, आणि ज्यांना तेही मिळत नाही त्यांच्यासाठी दहा किलोची एक पिशवी महिनाभर पुरेल ही कल्पना चुकीची आहे.

रोज माणशी ४०० ग्रॅम धान्य, ६० ग्रॅम डाळ, २५ ग्रॅम तेल, १५ ग्रॅम साखर आणि ५ ग्रॅम मीठ धरले, तर सुमारे १,९०० किलोकॅलरी होतात. उरलेली गरज भाजी, दूध आणि गुळाने भागते. पाच माणसांच्या घराला या हिशेबाने आठवड्याला १४ किलो धान्य, २ किलोहून थोडी अधिक डाळ, सुमारे ९०० ग्रॅम तेल, अर्धा किलो साखर आणि १७५ ग्रॅम आयोडीनयुक्त मीठ लागते. महिन्याला हेच धान्य ६० किलो होते. एका देणगीदाराला हे जड जाते, पण गल्लीतील सहा घरांनी दहा दहा किलो वाटून घेतले तर जड जात नाही.

धान्य कोणते द्यावे, हेही विचारूनच ठरवावे. आपल्याला दादर ज्वारीची किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर प्रिय असली, तरी सिंधमधून आलेल्या घरात गव्हाची पोळी आणि तांदूळ खाल्ला जातो. नवख्या बाईला ज्वारीची भाकरी थापता येत नाही आणि पीठ तसेच पडून राहते. शेजारच्या मावशींनी दोन दिवस शेजारी बसून शिकवले तर गोष्ट वेगळी. भाजीपाला आणि केळी हे आपल्याकडे मुबलक असते, ते जरूर द्यावे. शिध्यासोबत गॅसची किंवा सरपणाची सोय आहे का, आणि तवा-पातेले आहे का, हेही पाहावे.

पाण्याचा विचार अन्नाइतकाच महत्त्वाचा आहे. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी पिणे, स्वयंपाक आणि स्वच्छतेसाठी धरले जाते. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, जेव्हा पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा तेवढे पुरत नाही. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला माठ आणि झाकणाची टाकी देणे हे धान्य देण्याइतकेच गरजेचे आहे.

आम्ही त्यांना खोली भाड्याने दिली किंवा जेवू घातले, तर गुन्हा होतो का?

भुकेल्याला जेवण देण्यास कायद्याने मनाई केलेली नाही. घर देताना मात्र नियम आहे: परदेशी नागरिकाला राहायला जागा देणाऱ्याने त्याची माहिती २४ तासांच्या आत ठरलेल्या नमुन्यात नोंदणी अधिकाऱ्याला कळवायची असते. ती ऑनलाइन भरता येते. भाडेकरार लेखी करावा. माहिती दडवून ठेवल्यास घरमालक अडचणीत येतोच, शिवाय त्या कुटुंबाचा व्हिसाचा अर्जही संशयास्पद ठरतो.

एजंट पैसे घेऊन आधार आणि रेशन कार्ड काढून देतो म्हणतो. काय करावे?

नकार द्यावा. बनावट कागदपत्रे वापरल्यास २०२५च्या कायद्यानुसार दोन ते सात वर्षांपर्यंत कारावास आणि एक ते दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एजंट पैसे घेऊन निघून जातो आणि शिक्षा त्या कुटुंबाला भोगावी लागते.

नागरिकत्व सुधारणा कायद्याने सर्वांना नागरिकत्व मिळाले आहे का?

नाही. २०१९च्या या कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी प्रसिद्ध झाले. पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातील वर सांगितलेल्या सहा समाजांपैकी जे ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत भारतात आले, त्यांनाच त्याखाली अर्ज करता येतो. अर्ज ऑनलाइन असून जिल्हास्तरीय समितीचे प्रमुख टपाल खात्याचे अधिकारी असतात, हे माहीत नसल्याने लोक जिल्हाधिकारी कार्यालयात चकरा मारतात. सप्टेंबर २०२५ मधील केंद्राच्या आदेशात ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख आहे, त्यामुळे घोळ होतो. तो आदेश अपुऱ्या कागदपत्रांबद्दलच्या कारवाईतून सूट देतो, नागरिकत्व देत नाही.

पोलिसांनी ताब्यात घेतले, तर वकील कोण देणार?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार येथील जिल्हा न्यायालयांत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. १९८७च्या कायद्यानुसार स्त्रिया, मुले आणि कोठडीत असलेल्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि त्या तरतुदीत नागरिकत्वाची अट नाही. टोल फ्री क्रमांक १५१०० आहे. भाषा समजत नसलेल्या व्यक्तीने कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी दुभाष्या मागावा. घरातला कमावता माणूस आत असताना त्याच्या बायको-मुलांच्या जेवणाची चौकशी कोणीतरी रोज केली पाहिजे; वकिलाच्या धावपळीत हे हमखास राहून जाते.

मदत देताना फोटो काढावेत का?

काढू नयेत. या माणसांचे आई-वडील आणि भावंडे अजून मागे राहिलेली असू शकतात, आणि येथे काढलेला फोटो तिकडे पोचायला काही क्षण पुरतात. देणगीदारांना हिशेब हवा असतो आणि तो योग्यच आहे. त्यासाठी दुकानाचे बिल आणि कुटुंबाला दिलेला क्रमांक पुरेसा होतो.

येथे बाळ जन्मले, तर त्याची नोंद होते का?

होते आणि झालीच पाहिजे. भारतात झालेल्या प्रत्येक जन्माची नोंद १९६९च्या कायद्यानुसार करायची असते, मग आई-वडील कोणत्याही देशाचे असोत. रुग्णालयात जन्म झाल्यास नोंद रुग्णालयाकडून होते. घरी झाल्यास ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत २१ दिवसांच्या आत कळवावे. उशीर झाला तर शुल्क, प्रतिज्ञापत्र आणि वरिष्ठांची परवानगी असा क्रम लागतो, आणि जन्मनोंदींची छाननी आता फार कडक झाली आहे. जन्माचा दाखला म्हणजे नागरिकत्व नव्हे, पण अंगणवाडीतील नाव, लसीचे कार्ड आणि शाळेचा प्रवेश यांसाठी हाच कागद पुढे उपयोगी पडतो. दाखल्यावरील आई-वडिलांच्या नावांची अक्षरे पासपोर्टप्रमाणेच आहेत ना, हे खिडकीवरून हलण्यापूर्वी तपासून घ्यावे.